खोडावरची पांढरी माती

रविवार, ९ मार्च

प्रिय धाकट्या,

मंगळवार, ४ मार्च, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ मी मुकादमाच्या वहीतून उतरवून घेतली आहे, मनाने लिहिलेली नाही. त्या वेळी तुझ्या उद्यान खात्याच्या माणसांनी कालव्याकाठच्या रस्त्यावर पहिल्या शिरीषाला करवत लावली. जे झाड राखायचं ठरलं होतं, त्यालाच. साडेनऊपर्यंत राखायच्या नऊ झाडांपैकी सात आडवी झाली होती.

तू बरा असशील. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं कानावर आलं. तुझ्या मुलीचा निकाल चांगला लागला म्हणे, तिला माझी शाबासकी सांग. मी ठीक आहे. रक्तदाब आहे, निम्मे दात नाहीत, जीभ शाबूत आहे. रीतभात संपली, आता मुद्द्यावर येते.

अधीक्षक म्हणून तू सही केलेला अहवाल मी वाचला. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी दाखवला. दीड पानाचा आहे आणि त्यात एक वाक्य आहे : "वसतिगृहातील आदिवासी विद्यार्थ्यांनी खोडांवर विनापरवाना लेप दिल्यामुळे जतन क्रमांक झाकले गेले, खात्याकडून कोणताही निष्काळजीपणा झालेला नाही." शहरातल्या मुलांनी केलं असतं तर तू नुसतं "विद्यार्थ्यांनी" लिहिलं असतंस. मी तुझी शुद्धलेखनाची वही तपासलेली आहे, तुझा शब्द कुठे विनाकारण पडतो आणि कुठे हेतूने, हे मला कळतं.

तुला कुठून तरी कळलं असेलच, तरी सांगते. निवृत्त झाल्यापासून मी त्या वसतिगृहात आठवड्यातून तीन दिवस चित्रकला शिकवते. मुलं सतरा-अठरा वर्षांची, रानातून कॉलेजसाठी शहरात आलेली. शिकवते म्हणजे काय, पहिल्या महिन्यात मी त्यांना पर्स्पेक्टिव्ह शिकवलं आणि त्यांनी माझं ऐकून घेतलं. दुसऱ्या महिन्यापासून मी खुर्चीवर बसून बघते. मी त्यांना म्हटलं, शहरातलं झाड काढा. मला वाटलं फांद्या, पानं, फार तर एखादा पोपट. तर एका मुलीने आधी झाडाच्या मुळाशी पाण्याची पाइपलाइन काढली, तिच्या सांध्यातली गळकी चकती काढली, त्या ओलाव्याला आलेले बेडूक काढले. मग वर सिग्नलच्या तारा, आणि तारेला घाबरून वाकडी वाढलेली फांदी. मी विचारलं, हे कसं कळलं तुला? ती म्हणाली, "बाई, बाकीची झाडं सुकलीत नि हे एकटंच माजलंय. कुणीतरी चोरून पाणी पाजतंय त्याला." दुसऱ्या दिवशी मी बघून आले. चकती खरंच गळत होती. तुझ्याच खात्याची.

या मुलीला सगळे खार म्हणतात, कारण ती जागेवर ठरत नाही आणि खाली दिसली नाही तर वर बघायचं असतं.

कालव्याचा रस्ता रुंद होणार, तेवीस शिरीषांपैकी चौदा जाणार आणि पुलाकडची नऊ राहणार, हे वर्तमानपत्रात आलं, तेव्हा खारच म्हणाली की जी राहणार आहेत त्यांच्यावर चित्रं काढू. प्रत्येक झाडावर त्या झाडाचं शहर. म्हणजे त्याच्यात राहणारे, त्याच्याखाली बसणारे, त्याच्या मुळांना टेकलेले. चौदांवर का नाही, असं एकाने विचारलं, तर ती म्हणाली, "मरणाऱ्याला नटवायचं नसतं." मी परवानगीच्या मागे लागले.

परवानगी होती, धाकट्या. "विनापरवाना" हा शब्द तू खोडून टाक. तुझ्या ऑफिसातल्या खालच्या मजल्यावरच्या कारकुनाने शिक्का मारून दिली. त्यासाठी मी दोनदा आले, दोन्ही वेळा तुझ्या केबिनच्या दारावरून गेले. दार उघडं होतं. तू पाठमोरा होतास, कुणाला तरी फोनवर खतांबद्दल रागावत होतास. केस फार पांढरे झालेत तुझे. मी आत आले नाही.

का आले नाही ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. आई गेली तेव्हा तू माझ्यासाठी थांबला नाहीस. मी स्टेशनवर उतरले होते, चाळीस मिनिटांच्या अंतरावर होते, आणि तू सगळं उरकून घेतलंस. तू म्हणालास डॉक्टर म्हणाले, नातेवाईक म्हणाले, ऊन वाढत होतं. मी दोन वर्षं त्यातलं एकही कारण मान्य केलेलं नाही. हे इथे लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तर मुलांनी नऊ झाडं तीन आठवड्यांत रंगवली. परवानगीत "चित्रे काढणे" असं होतं. आधी खोडांना पांढऱ्या मातीचा पोतेरा दिला गेला, मग चित्रं काढली गेली. त्या पोतेऱ्याखाली राखायच्या झाडांवरचे तुमचे पिवळे क्रमांक गेले.

वरचं वाक्य मी आत्ता परत वाचलं. "दिला गेला." एखाद्या विद्यार्थिनीने असं लिहिलं असतं तर मी लाल शाईने विचारलं असतं, कुणी दिला?

सांगते.

त्या मुलांच्या घरी भिंतीवर चित्रं काढतात. आधी भिंत पोतारायची, वाळू द्यायची, मग काढायचं. पण झाडावर काढायचं तर खार साल पुसतसुद्धा नव्हती. पहिल्या दिवशी ती खोडाला नाक लावून अर्धा तास भेगा बघत बसली. माझा जीव वरखाली होत होता, कारण चित्रांच्या उद्घाटनाला पाहुणे यायचे होते, छायाचित्रकार यायचे होते, आणि त्या खडबडीत काळ्या सालीवर तिच्या रेषा चार पावलांवरून दिसत नव्हत्या. मी म्हटलं, आधी पांढरं करून घ्या.

ती म्हणाली, "बाई, पोतेरा भिंतीला देतात. झाडाला नाही."

"का बरं? झाडाला सर्दी होते?"

"भिंत मुकी असते म्हणून तिला पांढरं करतात. झाड बोलतंय की. ही भेग सांगते इथून जा, ही गाठ सांगते इथं वळ. आजी झाडावर तसंच काढते."

"मग तुझ्या झाडाला सांग," मी म्हटलं, "की पाहुणे चष्मा घरी विसरून येणार आहेत."

मुलं हसली. तीही हसली. मग तिने बादली घेतली आणि माती कालवायला बसली. मी शिक्षिका आहे, धाकट्या, मला विनोदाने हुकूम द्यायची सवय आहे आणि त्याला मुलं नाही म्हणू शकत नाहीत, हे मला चांगलं माहीत होतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला शाईचा एक ठिपका पडला तरी अख्खं पान फाडायला लावायच्या. साठ वर्षं झाली, मला अजून कोऱ्या पानाशिवाय काही सुरू करता येत नाही. ते त्या मुलीच्या माथी मारलं.

क्रमांक मी पाहिला होता. तिसऱ्या झाडावर, छातीच्या उंचीला, पिवळा सतरा, भोवती गोल. एका मुलाने विचारलं, बाई, हा ठेवायचा का? मी म्हटलं, चित्राच्या मधोमध कसा ठेवणार, नंतर वर पुन्हा लिहू. नंतर कुणी लिहिलं नाही. मी आठवण केली नाही.

आता चार तारखेची सकाळ. मी तिथे नव्हते. मुकादमाने सांगितलं ते लिहिते. तीन करवती, एक क्रेन, पुलाकडून सुरुवात. सातवं झाड पडलं तेव्हा खार आली, तिचं एका झाडावरचं काम थोडं राहिलं होतं. हातात ब्रशचा डबा. मुकादम म्हणाला, "पोरगी ओरडली नाही की रडली नाही बाई. आठव्या झाडाशी गेली आणि नखांनी स्वतःचं चित्र खरवडायला लागली." त्याला वाटलं वेड लागलं. तिने घारीचा पंख खरवडला, घरटं खरवडलं, तीन दिवसांचं काम, आणि खालून पिवळा बावीस निघाला. मग ती नवव्याशी गेली. तोपर्यंत मुकादमाने करवती थांबवल्या होत्या. म्हणून दोन झाडं उभी आहेत. त्यांच्यावर चित्र म्हणण्यासारखं काही राहिलेलं नाही, नुसते ओरखडे आहेत, आणि एका जागी तिच्या बोटांचं रक्त होतं ते आता काळं पडलंय.

बुधवारी रेक्टरबाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. तुझा अहवाल वाचून दाखवला. विचारलं, माती लावायची कल्पना कुणाची?

खार उभी राहिली. म्हणाली, "लावली मी."

तिने खोटं सांगितलं नाही हं. लावली तिनेच. प्रश्नाचं उत्तर मात्र ते नव्हतं, आणि हे त्या हॉलमध्ये तिला माहीत होतं, मुलांना माहीत होतं आणि मला. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, माझ्या हातात चहाचा कप होता. मी चहा प्यायले.

असं का केलं ते मला विचारू नकोस. चार दिवस मीच विचारते आहे. बत्तीस वर्षं वर्गात मुलांना उभं करून चूक कबूल करायला लावली, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा पाय उचलेनात.

नंतर जिन्यात मी तिला गाठलं. म्हटलं, तू असं का सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही म्हाताऱ्या आहात बाई. तुम्हाला कुठं हाकलणार? हाकललं तर दुसरीकडे कुठं जाणार?" चिडून नाही, अगदी बेत सांगावा तसं म्हणाली. मग बोटांना बांधलेली पट्टी दाताने घट्ट केली आणि वर गेली. तेव्हापासून तिने पेन्सिल धरलेली नाही. मैत्रिणी सांगतात, ती पुलाकडच्या रस्त्याने कॉलेजलाही जात नाही, लांबून वळसा घालते. तिला वाटतं सात झाडं तिच्या हाताने गेली.

शनिवारी, पंधरा तारखेला, वसतिगृहाची समिती बसणार आहे. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, म्हणून तिची खोली काढून घ्यायचा ठराव आहे. खोली गेली की कॉलेज गेलं, परीक्षा तीन आठवड्यांवर. घरी परत जाऊन ती लग्नाच्या रांगेत उभी राहील. आजीसारखी भिंती रंगवील म्हणशील, तर नाही. ती आता भिंतही रंगवणार नाही.

मी माझं पत्र उद्या सकाळी रेक्टरबाईंच्या हातात देते आहे. त्यात वरचं सगळं आहे, चहासकट. पण मला समितीतली माणसं ठाऊक आहेत. म्हणतील, म्हातारी बाई लाडक्या विद्यार्थिनीला पाठीशी घालते आहे. त्यांना शिक्क्याचा कागद लागतो. तो तुझ्याकडे आहे.

आता शेवटचं. हे मला मुकादमाने काल सांगितलं, तोपर्यंत मी तुझ्यावर निवांत चिडून होते.

सोमवारी संध्याकाळी तो झाडं बघून आला. एकाही झाडावर नंबर दिसेना, यादीत नुसते आकडे, जागा दिलेल्या नाहीत, आणि नऊ झाडांवर चित्रं. त्याने तुला विचारलं. तू म्हणालास, "ही माझ्या ताईची मुलं असणार. थांब, तिला विचारून सांगतो." अर्ध्या तासाने तूच त्याला फोन केलास आणि म्हणालास, लागत नाही, काम थांबवता येणार नाही, नंबर नसेल ते तोड.

लागत होता, धाकट्या. सात दहाला वाजला, सात बाराला वाजला, साडेसातला वाजला. मी कणीक मळत नव्हते, झोपले नव्हते. टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होते. तुझं नाव दिसलं आणि मी फोन पालथा घातला. मला वाटलं दोन वर्षांनी माफी मागायला केला असेल, आणि मला ती इतक्या स्वस्तात द्यायची नव्हती. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

सात झाडं. त्यातल्या एकाच्या ढोलीत पोपटांची पिल्लं होती, ती मुलांनी चित्रात मोजून पाच काढली होती.

तू विचारलंस हे मी आता समजून आहे. विचारून उत्तर मिळालं नाही तर एक दिवस काम थांबवायचं असतं, चालत येऊन दार वाजवायचं असतं, माझं घर तुझ्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर आहे, हे तू समजून घे. तू थांबत नाहीस आणि मी दार उघडत नाही. आपल्या दोघांच्या भांडणाची किंमत एका परक्या पोरीने का भरावी, हे मला सांग.

मला काय हवं ते नीट लिहिते, म्हणजे तुला गोलगोल उत्तर देता येणार नाही. तुझ्या खात्याच्या कागदावर, तुझ्या सहीने, सुधारित अहवाल. त्यात तीन गोष्टी. एक, परवानगी होती. दोन, मातीचा लेप द्यायला त्या विद्यार्थिनीने विरोध केला होता आणि निवृत्त चित्रकला शिक्षिकेने तो मोडून काढला. माझं पूर्ण नाव घाल, "संबंधित व्यक्ती" असं लिहू नकोस. तीन, अधीक्षकांनी शिक्षिकेला तीन वेळा फोन केला, तिने मुद्दाम उचलला नाही, आणि अधीक्षकांनी खात्री न करता तोडण्याचा हुकूम दिला. दोन झाडं कुणामुळे वाचली, तेही लिही. एक प्रत समितीला आणि एक तिच्या नावाने, पाकिटात घालून. तिला आजवर कुणाचं पत्र आलेलं नाही.

तुझी निवृत्ती दीड वर्षावर आहे, हे मला माहीत आहे. असा कागद तुला अडचणीचा होईल, हेही. मी तरीही मागते आहे. लहानपणी तुझी कितीतरी कुलंगडी मी माझ्या अंगावर घेतली, पण ती मी आज मोजत नाही, त्या जोरावर मागत नाही. तिला आपल्या दोघांचं काहीच देणं नाही, आणि तरी ती उभी राहिली, म्हणून मागते आहे.

शुक्रवार, १४ मार्च, दुपारी बाराच्या आत. लेखी. बारानंतर रेक्टरबाईंचं ऑफिस बंद होतं आणि शनिवारी सकाळी आठला तिच्या गावची बस सुटते. तिने ट्रंक भरून ठेवलेली आहे.

तुझी गुन्ह्यातली जोडीदार,
ताई