'दाब'ची बेचाळीस कार्डे

रत्नागिरी, ४ जून २००३

चि. चारुदत्त यास अ. उ. आशीर्वाद.

रविवार, १ जून, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. मी चहा टाकायला उठले आणि तू माझ्या टेबलाखालचा बुटांचा खोका उचलून सावर्ड्याला नेलास. त्यात 'दाब' या एका शब्दाची बेचाळीस कार्डे होती. पाठ कोरी, कोपऱ्याला भोक. म्हणजे तुझ्या आंब्याच्या कलमांना बांधायला आयत्या चिठ्ठ्या! आमच्या कॉन्व्हेंटात शेजारणीच्या पेन्सिलीला हात लावला तरी सिस्टर बाकावर उभं करीत. तुला शाळेत काय शिकवलं कोण जाणे.

तीन वर्षं ती जमवत होते. वेधशाळेचा कमी दाब, डॉक्टरांचा रक्तदाब, वायरमनचा उच्च दाब, छापखान्याचा वेगळाच. प्रत्येकाला वाटतं, शब्द आपल्याच घरचा. ३० जूनपर्यंत कार्डे मुंबईच्या कोशसमितीकडे गेली नाहीत, तर ही नोंद पुण्याच्या एका विद्वानांकडे जाईल. ते वायरमनशी कधी बोलले असतील असं वाटत नाही. दुसरी प्रत नाही. पुन्हा लिहायचं बळ नाही रे.

तुझी थकलेली
उमाताई

सावर्डे, ११ जून २००३

ती. उमाताईस शि. सा. न. वि. वि.

चुकलो. खोका रद्दीच्या गठ्ठ्यावर होता, तरी विचारायला हवं होतं. कार्डे कलमांबरोबर मंडणगडला गेली होती. काल एस.टी.ने जाऊन आलो; कंबर अजून बोलते आहे. गिऱ्हाईक आत्माराम खेडेकर. त्यांच्या सगुणावहिनींनी कार्डे सोडवून चुलीजवळ वाळत घातली होती. एवढं बारीक अक्षर टाकवेना, म्हणाल्या. एक्केचाळीस रजिस्टरने पाठवतो आहे.

एक ठेवून घेतलं. दाबकलमाचं. फांदी तोडून मातीत दाबतात, असं तू लिहिलंस. तोडली तर वाळेल, ताई! झाडावरच असताना वाकवून दाबायची, मुळं धरली की मग सोडवायची. मोगऱ्याची दाबकलमं मी तीस वर्षं करतो. नीरजा म्हणते, ताईंनी वायरमनला विचारलं, सख्ख्या भावाला तेवढं नाही.

नीरजाचे आणि मुलांचे नमस्कार. राग उतरला की कळव.

चारू

रत्नागिरी, १४ जून २००३

चि. चारुदत्त यास आशीर्वाद.

एक्केचाळीस मिळाली. चुलीच्या धुराचा वास आहे, अक्षर शाबूत. सगुणाबाईंना पत्र टाकलं.

दाबकलमाचं मी एका इंग्रजी पुस्तकातून उतरवलं, तेही घाईत. गुडघ्यांमुळे सावर्ड्याला आले नाही असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तू हसशील, म्हणून विचारलं नाही. नीरजाला सांग, तिचं बरोबर आहे. पण पुन्हा पुन्हा म्हणायची गरज नाही.

बेचाळिसावं कार्ड आता तू लिही. कोणती फांदी घ्यायची, किती खोल दाबायची, मुळं किती दिवसांनी धरतात, सगळं. खाली 'माहिती देणारा' या जागी तुझं पूर्ण नाव आणि गाव घाल. फोन करू नकोस, फोनवरचं समिती धरत नाही. शनिवार, २१ जून, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे.

उमाताई