मला ‘आला’ येत नाही

सातारा परिसर, औरंगाबाद

ती. ताईस सरूचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच, पाठ धरली आहे.) तुझे गुडघे आणि कोल्हापूरचं पाणी, दोन्ही सुखरूप असोत. इथं नळाला टिपूस नाही, पण इमारती मात्र भरदुष्काळात उगवताहेत.

आमच्या शंतनूची ओवी आता तीन वर्षांची झाली. तोंडाचा पट्टा अखंड चालू, फक्त ‘आला’ला ‘येला’ म्हणते. “आजी, टँकर येला!” जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईनं हे कसं सोसायचं? म्हटलं, “येला नाही, आला.” तर म्हणते, “हो, येला!” यावर हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, “अगं, कुणी शिकवलंय का तिला? बस-बसला, उठ-उठला, तसं ये-येला. नियम पोरीनं बरोबर काढलाय, मराठीच चुकतीय.” (विम्यातून निवृत्त झालेल्यांनी व्याकरणात पडू नये.) मी हट्टाला पेटले. ‘आला’ म्हटल्याशिवाय गूळ-शेंगदाणे बंद! झालं, पोरीनं माझ्याशी बोलणंच टाकलं. सूनबाईही मोजकंच बोलू लागल्या.

अशात बुधवारी दुपारी टँकर येऊन परत गेला. टाकीच्या झाकणाची किल्ली आमच्याकडे, आणि आम्ही दोघं घोरत होतो! शेजारच्या मालनबाई रिकामी घागर घेऊन दारात उभ्या, मागं अख्खी अपार्टमेंट. टँकरवाल्या कचरूला फोन लावला, तर तो म्हणाला, “काकू, लई हॉर्न मारला. तुमची छकुली गॅलरीतून बघत व्हती की! पर बोलली नाय.”

ओवीला विचारलं, “का गं, हाक का नाही मारलीस?”

डोळे डबडबले तिचे. म्हणाली, “मला ‘आला’ येत नाही.”

ताई, सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. घागरीसकट. मी पोरीला उचललं, गुळाचा डबाच तिच्या हातात दिला. संध्याकाळी कचरू पुन्हा वळणावर दिसला, तेव्हा कठड्यावरून मीच ओरडले, “टँकर येला!” ओवी टाळ्या पिटत माझ्या दुप्पट ओरडली. त्या दिवसापासून पोरगी पुन्हा अखंड बोलतेय, कान किटले.

तुझी,
सरू

ता. क. आम्ही सगळे रविवारी तिकडे निघतोय. ओवीला तुझी फार आठवण येते. (सोबत मळक्या चादरी, पडदे, गोधड्या आणतेय. बंब तापवून ठेव.)

ता. ता. क. ओवी परवापासून आपोआप ‘आला’ म्हणायला लागली. सवय मलाच जडलीय, काल सोसायटीच्या सभेत उभी राहून म्हणाले, “अध्यक्ष उशिरा येले.” तेव्हा तुझ्या दारात मी ‘आम्ही येलो’ म्हणाले, तर भावजींसमोर सुधारू नकोस.