हॉर्न न वाजवणारी गाडी

ईट, ता. भूम
४ ऑगस्ट २०२५

ती. मामास,
उत्कर्षचा सा. न. वि. वि.

पत्र हातात पडल्यावर तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग मामीला विचाराल की ह्या पोराला अचानक काय झालं. झालं असं की माझ्याकडं मोबाईल राहिलेला नाही. असता तरी काय, पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं ऐकून तुमचे कान गेलेत. फोनवर तुम्ही नुसतं 'बरं, बरं' म्हणता आणि शेवटी विचारता की कोण बोलतंय.

मोबाईल कसा गेला ते आईच्या आधी मीच सांगतो. प्रेमाआत्याची आठ सीटची डिझेल गाडी जूनपासून त्रास देतेय. सकाळी वस्त्यावस्त्यांवरून सहा पोरी गोळा करून ती त्यांना भूमला कॉलेजात सोडते, हे तुम्हाला माहीतच आहे. आता चढ आला की गाडी आचके देते, मागून काळा धूर, समोर पिवळा दिवा. धाराशिवच्या शोरूममध्ये चारदा नेली. दर वेळी ते कॉम्प्युटर जोडून दिवा घालवतात, गाडी धुऊन देतात, आणि आठ दिवसांत दिवा परत हजर. परवा मॅनेजर गौरीशंकर साहेब म्हणाले, गाडीत काही दोष नाही, बाईमाणसाच्या हाताला पिकअप कळत नाही. आत्या शेजारीच उभी होती. माझ्या हातात माझाच मोबाईल होता, तो मी फरशीवर आपटला.

आत्यानं मॅनेजरची माफी मागितली, माझ्यावतीनं. काउंटरवरच्या मुलीनं खाली वाकून मोबाईलचे तुकडे वेचले. परतीच्या वाटेवर आत्या म्हणाली, कॉलेजात सरांपुढं जर्नल फेकून घरी बसलास, आज मोबाईल फेकलास, आता माझी गाडी तेवढी फेकू नकोस.

मामा, हे हसण्यावारी नेऊ नका. निकिता माहीत आहे ना, अमरनाथअण्णाची, बारावी सायन्सची, नववीपासून आत्याच्या गाडीत जाते. मागच्या आठवड्यात गाडी चढावर बंद पडली आणि तिची चाचणी बुडाली. अण्णांनी निरोप धाडला की आणखी एकदा असं झालं तर पोरगी घरी बसेल, सोलापूरचं एक स्थळ आलेलंच आहे. आणि पाच ऑक्टोबरला गाडीला तीन वर्षं भरतात, वॉरंटी संपते. तुम्ही या. तुम्ही आणि मी मिळून त्या मॅनेजरला नीट सुनावू.

मामीला नमस्कार. रागावला असाल तर थोडा राग तिच्यासाठी ठेवा आणि माया इकडं धाडा.

तुमचा,
उत्कर्ष

*

कळंब
९ ऑगस्ट २०२५

चि. उत्कर्षास,
महारुद्रमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चष्मा सापडला, मामीनंच शोधला. तू आजवर माझ्याशी जेवढं बोललास त्याहून जास्त ह्या पत्रात लिहिलंस, तेव्हा मोबाईल फुटला हे वाईट झालं असं मला काही वाटत नाही.

सुनावायला मी येणार नाही. आयुष्यभर डेपोत ड्रायव्हर लोक येऊन माझ्यावर ओरडले. जो ओरडला त्याची गाडी मी शेवटी घेतली, हे तुला कधीतरी सांगायचंच होतं.

दुखणं मला कळलं आहे. आताच्या डिझेल गाड्या आपलाच थोडा धूर परत पोटात घेतात, बाहेरची हवा साफ राहावी म्हणून. इंजिन तापून मोकळ्या रस्त्यानं पळालं तर ते पचतं. नुसतं जागेवर गुरगुरत राहिलं तर हवेच्या वाटेत काजळी धरते. चुलीवरच्या धुराड्यासारखं समज. धुराडं कोंदलं की चूल पेटत नाही, तसं इंजिनाचं नाक चोंदलं की ते ओढत नाही. दिवा घालवून काजळी जात नाही, ती खोलूनच काढावी लागते. आता एक खरं सांग. प्रेमाबाई पोरींची वाट बघताना गाडी बंद करतात की चालू ठेवतात?

आणि ती तुकडे वेचणारी मुलगी कोण? चार ओळींचा मजकूर मॅनेजरला आणि एक ओळ तिला, पण ती ओळ जपून लिहिलेली दिसली.

अक्षर सुधार. मन आमच्यात असू दे.

महारुद्रमामा

*

ईट
१९ ऑगस्ट २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नानं घात केला. पत्र मी आत्यालाच वाचून दाखवलं आणि तिचा पोळपाटावरचा हात थांबला. गाडी ती चालूच ठेवते, मामा. दर दारात पाच-दहा मिनिटं, आणि अशी सहा दारं. ती हॉर्न वाजवत नाही. पहिल्या दिवसापासूनचा तिचा नेम आहे. पोरीच्या दारात गाडीचा हॉर्न वाजला की गल्लीची दारं उघडतात, कोण आलं, कुणासाठी आलं. म्हणून ती नुसती उभी राहते, इंजिनाची घरघर ऐकून पोरगी बाहेर येते. ह्याच भरवशावर बापांनी पोरी गाडीत बसवल्या. आणि त्याच घरघरीनं नाक चोंदलं.

मी म्हणालो, हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, सांगितलं तर ते आपल्यालाच धरतील. आत्या म्हणाली, माझ्याकडून झालं ते मी सांगणारच. गुरुवारी आम्ही परत गेलो. तिनं गौरीशंकर साहेबांपुढं बसून सगळं सांगितलं, सहा दारं, दहा मिनिटं, हॉर्न का नाही तेसुद्धा. तो माणूस इतका खूश झाला की त्यानं चहा मागवला. मग लिहून दिलं की वापर चुकीचा आहे, गाडी अशा कामासाठी नाही, सबब वॉरंटीत बसत नाही. वर म्हणाला, गाडी घेताना असला वापर तुम्ही आम्हाला कुठं सांगितला होता?

मी काही फेकलं नाही. दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो होतो. पण घरी येऊन आत्यावर ओरडलो, की तूच त्यांच्या हातात काठी दिलीस. ती म्हणाली, काठी त्यांच्याकडं आधीच होती, आता निदान ती कुठली आहे ते मला माहीत आहे. मला काही समजलं नाही. तुम्हाला समजलं तर कळवा.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर लिहिणार नव्हतो. तिचं नाव शिवरंजनी. नळदुर्गकडची आहे, घरी फोनवर कानडीत बोलते आणि गिऱ्हाइकाशी मराठीत, मधे श्वाससुद्धा घेत नाही. माझ्या मोबाईलचे तुकडे तिनं स्पेअर पार्टच्या पिशवीत घालून, वर 'ग्राहकाची वस्तू' अशी चिठ्ठी लावून जपून ठेवले होते. सिमकार्ड वेगळं, कागदात गुंडाळून. माझं कुणी इतकं नीट काही ठेवलेलं नाही, मामा. मी आभारसुद्धा मानले नाहीत, नुसता भिंतीकडं बघत राहिलो. तिच्या डोक्यावर भिंतीवर गिऱ्हाइकांचे फोटो लावलेत, आणि बरोबर मधे आमचाच, भला मोठा, गाडी घेतली त्या दिवसाचा. आत्या नारळ धरून, गाडीला हार, आणि शाळेच्या ड्रेसात सहा पोरी. निकिता दोन वेण्यांत. योग बघा, तिच्या माथ्यावर आम्हीच.

इकडची काळजी वाटली तरी काळजीपोटी येऊ नका, मायेपोटी या.

उत्कर्ष

*

कळंब
२४ ऑगस्ट २०२५

चि. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा गाडीसाठी, एकदा मामीच्या आग्रहानं शिवरंजनीसाठी. मुलगी चांगली दिसते. तू तिच्या जोगा दिसतोस का, हा पुढचा प्रश्न, तो मी विचारत नाही.

प्रेमाबाईंना माझा नमस्कार सांग, आणि हा नुसता लिहिण्यापुरता नाही. मी डेपोत माझ्या हाताखाली चाळीस माणसं पाहिली. नट आवळायचा राहिला तर त्यांतला एकही जण माझ्याकडून राहिला असं म्हणायचा नाही. ज्यानं आपली चूक आधी सांगितली त्याचं पुढचं बोलणं ऐकावंच लागतं, एवढं मला कळतं.

आणि तू. त्या मुलीकडं बघण्याच्या नादात जे बघितलंस ते तुलाच दिसलं नाही. मॅनेजर म्हणतो ह्या वापराची आम्हाला कल्पना नव्हती. आणि त्याच्या भिंतीवर काय लावलंय? हे एवढं वाक्य प्रेमाबाईंना वाचून दाखव आणि पुढचं त्यांच्यावर सोड. तू बोलू नकोस.

बोलू नकोस हे दोनदा लिहिलंय असं समज. आठवण ठेव, आवाज खाली ठेव.

महारुद्रमामा

*

ईट
६ सप्टेंबर २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुम्ही तिथं असायला हवं होतात.

तुमचं वाक्य वाचून दाखवलं तर आत्या नुसती 'व्हय' म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. बुधवारी पोरींना सोडून आम्ही परस्पर धाराशिवला गेलो. वाटेत गाडी तीनदा बसली. शोरूममध्ये त्या दिवशी दोन नव्या गाड्या द्यायच्या होत्या, माणसं नटूनथटून आलेली, पेढे चाललेले. मला वाटलं आत्या ह्या गर्दीतच त्याला धरणार. पण ती त्या लोकांची पूजा संपेपर्यंत बाजूच्या खुर्चीत बसली, त्यांचा पेढाही घेतला. मग काउंटरवर गेली आणि शिवरंजनीला म्हणाली की ताई, एक स्टूल मिळेल का.

स्टूल कशाला म्हणून गौरीशंकर साहेब आले. आत्या आवाज जरासुद्धा न चढवता म्हणाली, "साहेब, ह्या वापराची गाडी न्हाय असं तुम्ही लिहून दिलंय, आन तुम्हाला ठाऊकबी नव्हतं म्हणालात. मग हा फोटो खोटा पडतो. तो उतरवून द्या, मी घेऊन जाते."

नव्या गाडीवाले फोटोकडं बघायला लागले. मामा, फोटोखाली काय छापलंय ते मी आजवर वाचलंच नव्हतं. 'ईटच्या लेकी निघाल्या शिकायला, आमच्या गाडीतून.' खाली शोरूमचं नाव. साहेब म्हणाले, फोटो कशाला उतरवायचा, तो वेगळा विषय. आत्या म्हणाली, माझं म्हणणं एवढंच, की एक तर कागद खरा करा न्हाय तर भिंत. इंजिन चालू ठेवण्याची चूक माझी, ती मी सुधारते. पण गाडी देण्याआधी तुमचा माणूस माझ्याबरोबर सहाही दारं हिंडला होता, तरी गाडीला असं चालणार नाही हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि तुम्ही चार वेळा नुसता दिवा पुसून दिलात.

ते म्हणाले, तो माणूस आता पुण्याला गेला, पुरावा नाही. तेव्हा शिवरंजनी कानडीत काहीतरी पुटपुटली, मग मराठीत म्हणाली की सर, जुनी फाईल माझ्याकडं आहे. तिनं काढलीसुद्धा. टेस्ट ड्राइव्हच्या कागदावर त्या माणसानं रस्ता लिहिला होता, ईट ते भूम, सहा थांबे, आणि शेरा मारला होता 'ग्राहक खूश'. नोकरीत असून ती पुढं झाली, मामा. माझ्यासारखं काही न फेकता.

साहेबांनी तो कागद वाचला. मग बाहेर जाऊन कंपनीला फोन केला. खरं सांगायचं तर माणूस वाईट नाही. परत आले आणि म्हणाले की वॉरंटीतच खोलू, पण ताई, तुम्हीही समोर बसा.

खोललं तेव्हा आत्या पदर खोचून वाकून बघत होती. हवेची वाट करंगळी जाईल एवढीच राहिली होती, बाकी नुसती काळी, तेलकट, थराथरांची काजळी. मेकॅनिक चमच्यासारख्या पट्टीनं ती ओरबाडत होता. साहेबांनी बोट लावलं, बघितलं, आणि आत्याला म्हणाले की ताई, तुमच्या हाताला पिकअप कळत होता. माझ्याच हाताखालच्यांना कळला नाही. मला वाटतं ही माफीच होती. आत्यानं मान हलवली आणि त्यांना बोट पुसायला चिंधी दिली.

धूर आत घेणारा व्हॉल्व्ह नवा घालायचा आहे, सहा दिवस लागतील. तोवर आत्या पहाटे चालत वस्त्यावस्त्यांवर जाते, पोरींना एसटीच्या थांब्यावर आणते, त्यांच्याबरोबर भूमला जाते आणि संध्याकाळी परत आणते. अण्णांच्या दारात ती पहिल्या दिवशी उभी राहिली तेव्हा मी सोबत होतो. गाडी नाही तर आवाज नाही. ती नुसती उभी. अण्णांनी खिडकीतून बघितलं. निकिता चप्पल घालतच बाहेर आली.

इतकं लिहूनही राहिलंच आहे. जे राहिलं ते तुमच्या मनानं भरून घ्या.

उत्कर्ष

*

कळंब
११ सप्टेंबर २०२५

चि. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

प्रेमाबाईंचं पत्र मी मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणजे तुझं, पण आम्ही त्याला प्रेमाबाईंचंच म्हणतो. डेपोतल्या दोघा जुन्या दोस्तांनाही दाखवलं. स्टुलापाशी आल्यावर एक जण म्हणाला, ही बाई आमच्या युनियनला हवी होती.

गाडी आल्यावर तिला आठवड्यातून एकदा परांड्याच्या मोकळ्या रस्त्यानं पळव, आणि दारात उभी असताना बंद. एवढंच औषध. मात्र घरघर नसेल तर पोरींना कळणार कसं, ते मला सुचलेलं नाही. तुमचं तुम्ही बघा.

शिवरंजनीचे आभार मानलेस का? नसतील तर माझं नाव सांग आणि मान.

ओल्या हातानं लिहितोय, गोड मानून घे.

महारुद्रमामा

*

ईट
१७ सप्टेंबर २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

गाडी शनिवारी आली. शिवरंजनीचे आभार मानले, तुमचं नाव न सांगता. ती म्हणाली, मोबाईल नवा घेतला की ह्या सिमवरून पहिला फोन वर्कशॉपला करा, गाडी कशी चालते ते विचारायचं असतं. ते सगळ्यांनाच विचारतात, मला माहीत आहे. तरी मी तो कागद जपून ठेवलाय, ज्यात सिम गुंडाळलं होतं.

फोटो भिंतीवरच आहे. आत्या म्हणाली, राहू दे, आता खरा आहे.

सोमवारी पहिली फेरी. मी मागच्या रिकाम्या सीटवर बसलो. का बसलो ते नंतर सांगतो. पहिल्या पाच दारांत आत्यानं गाडी थांबवली की किल्ली फिरवून बंद केली, आणि पाचही वेळा आम्ही तिथं त्या शांततेत अवघडून बसलो. कुणीतरी आतून डोकावे, मग पोरगी पळत येई. पाच-सात मिनिटं गेलीच. सगळ्यात शेवटी अमरनाथअण्णांचं दार. आत्यानं वळण घेतलं आणि वळणावरच म्हणाली की आज उशीर झाला, निकिता आत गेली असेल.

अण्णा ओट्यावर बसले होते. आंघोळ करून, टोपी घालून, मांडीवर निकिताचं दप्तर, हातात तिचा डबा. शेजारी निकिता उभी. आत्यानं किल्ली फिरवायच्या आतच त्यांनी उठून दार उघडलं, दप्तर आत ठेवलं आणि आत्याला म्हणाले, "बाई, तुम्ही थांबत जाऊ नका. आमीच बसत जाऊ."

आत्यानं गिअर टाकला. चढावर गाडी तिसऱ्या गिअरात गेली, धूर नाही, आचका नाही. आरशात तिचे डोळे दिसत होते, म्हणून मी बाहेर बघत बसलो.

मंगळवारी आणखी दोन ओट्यांवर आया बसलेल्या होत्या. आज सहाही.

मी भूमला का गेलो ते राहिलं. आत्यानं त्या सीटवर माझी मार्कशीट आणि कॉलेजचा फॉर्म ठेवला होता, वर काही न लिहिता. फेकण्यासारखं काही नव्हतं त्यात. भरला.

उद्या सकाळी पावणेसातला मलाही आमच्या ओट्यावर बसायचंय, म्हणून इथंच थांबतो. तुमचं प्रेम चालू ठेवा, ते बंद करायची गरज नाही.

तुमचा,
उत्कर्ष