सेफ्टी फॅक्टर कशासाठी असतो

मंगळवार, संध्याकाळ. सुपा.

अजून डोकं शांत नाही. कारखान्यात आज दोन टनच उचलायच्या चेन ब्लॉकच्या हूकला तीन टनांचा साचा टांगलेला, आणि त्याच्याखाली बबन वाकून बोल्ट बसवतोय! ओरडून आधी त्याला बाजूला काढलं, मग साचा उतरवायला लावला. सुपरवायझर शिंदे हसतच म्हणाला, "मॅडम, चेनवाले चारपट सेफ्टी फॅक्टर धरत्यात. आठ टनापत्तुर काय हुत न्हाई."

धरतात ना! पण ती जादा ताकद झिजलेल्या कडीसाठी, अचानक बसणाऱ्या झटक्यासाठी, न दिसणाऱ्या भेगेसाठी असते. याने रोज वापरून टाकायला नव्हे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट, इतकी साधी.

हूक पाहिला. तोंड बोटभर फाकलेलं. म्हणजे हे आजचं नाहीच. बबन म्हणाला, "रोजचंच हाय मॅडम. आमी वर बघतच न्हाई."

बोटभर! आणि मागच्या तपासणीच्या कागदावर सही माझी. तेव्हा हूक हातात घेतला होता का मी? नाही. खालूनच पाहिला.

माझी पाठ फिरली की तोच हूक पुन्हा लावतील, म्हणून समोर उभं राहून गॅस कटरने त्याचे दोन तुकडे करवले. शिंदे म्हणाला, "उद्या माल जानार न्हाई."

नाही तर नाही.