सगळे पत्रे सारखेच

बाबा,

मी कामाला निघाले. अकरा वाजता छपराचा माणूस येईल. माझ्या खोलीवर निळाच पत्रा टाकायला सांगा, तो जाड, खाली फोम लावलेला. "फोम म्हणजे नसते चोचले" हे त्याला ऐकवत बसू नका, मला ऐकवून झालंय. पावसात त्या पत्र्याखाली झोपायचं मला आहे.

नमुन्याचे तिन्ही तुकडे ओट्यावर ठेवलेत. काल दुकानात तुम्ही तिन्हींवर बोटानं टकटक केलीत आणि म्हणालात, "सगळे सारखेच, कुठलाही घे." दुकानदार हसला. त्याला वाटलं, तुम्ही भाव पाडताय. मला काही हसू आलं नाही. चाळीस वर्षं नुसत्या टकटकीवरून पत्र्याची जाडी सांगणारा माणूस! अहो, त्यातला पातळ पत्रा ताटासारखा खणखणला, दुकानाच्या पायरीवरचं कुत्रं दचकून उठलं.

जेवण झाकून ठेवलंय. कुकर लावू नका, शिट्ट्या मोजायचं काम आता माझं. चार वाजता कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय, मी साडेतीनला घ्यायला येते. "मला काय धाड भरलीय?" हे डॉक्टरांपुढे म्हणा, मी मध्ये बोलणार नाही. पण तयार होऊन बसा.

हे सगळं सकाळी तुमच्या खुर्चीमागे उभी राहून तीनदा सांगितलं. तुम्ही शांतपणे पेपराचं पान उलटलंत. म्हणून लिहून ठेवलं.