पिंपात पाल पडलीच नव्हती

प्रिय शकू,

आज दुपारी चंद्रपूरला तुझी शोकसभा होती. आपल्या बी.एड.च्या वर्गानं ठेवली होती. मी ती अर्धवट सोडून आले. एसटीनं वरोऱ्याला पोचले, मोरीत जाऊन खसाखसा तोंड धुतलं, तरी मळमळ जाईना. आई म्हणाली, "काऊन वं, तबेत बरी नाई का?" तिला काय सांगणार! हे जिला सांगायचं ती तर गेली. म्हणून तुलाच लिहायला बसले आहे.

रडू नाही आलं, शकू. किळस आली.

तुझा फोटो काठमांडूचाच लावला होता त्यांनी. आपल्या सगळ्या वर्गाच्या फोटोतून तुझा तेवढा चेहरा कापून मोठा केलेला. तुझ्या खांद्यावर जो अर्धा हात दिसत होता, तो माझा. फोटोला झेंडूचा हार, समोर उदबत्ती, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत आपल्याला काठमांडूच्या सहलीला नेणारे सर. पहिल्या ओळीत तुझे बाबा बसले होते. तुमच्या सावली गावाहून पहाटेच निघाले असतील. पांढरा सदरा, मांडीवर टोपी. जो कुणी तुझ्याबद्दल चांगलं बोले त्याच्याकडे ते मान हलवून बघत होते.

मग विलास उठला. तोच आपला वर्गप्रतिनिधी विलास, आता हायस्कुलात मास्तर आहे. म्हणाला, "मित्रहो, एकच आठवण सांगतो. काठमांडूला आपल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपात पाल पडली होती. आठवते ना? परका मुलूख, सगळ्यांचे घसे कोरडे. तेव्हा आपली शकू एकटी उठली. गल्लीतल्या दगडी धारेवरून पाणी भरून आणलं, उकळलं, आणि आपल्या हातानं सगळ्यांना पाजलं. असा तिचा सेवाभाव!"

लोक हळहळले. सरांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की दरवर्षी सेवाभावी विद्यार्थिनीला तुझ्या नावानं बक्षीस द्यायचं.

पाल! त्या सहलीला पाच वर्षं झाली, तू मातीत गेलीस, तरी ती पालच?

तुला आठवतं, आपण निघालो तेव्हा किती हरखलो होतो? दिवाळीची सुट्टी, गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सरहद्दीची ती कमान. पायीच ओलांडली आपण. तू पलीकडे एक पाय टाकलास आणि मला म्हणालीस, "पाह कुंदा, एक पाय भारतात हाये माया, एक परदेशात. कोन्ता पयले थकते ते पाहू." आपल्या वर्गातल्या बौद्ध मुलींपैकी तू एकटीच आली होतीस. बाकीच्यांना घरून पाठवलं नाही. तुला मात्र बाबांनी हट्टानं पाठवलं. नागपूरला दीक्षेला गेलेला माणूस तो. "बुद्धाचा मुलूख आपल्या डोयानं पाहून ये," म्हणाले होते ना तुला?

पाण्याचं प्रकरण रेल्वेतच सुरू झालं होतं. सरांच्या बायकोनं, काकूंनी, घरचं स्टीलचं पिंप सोबत घेतलं होतं. बाहेरचं पाणी बाधतं म्हणून उकळून भरायचं आणि सगळ्यांनी त्यातलंच प्यायचं. पोरं-पोरी येत, लांब दांड्याचा डोवा बुडवत, पेला भरत. तू उठलीस की काकू लगबगीनं पुढे व्हायच्या. "थांब गं शकू, तू कशाला त्रास घेतेस? मी देते ना!" आणि वरून, लांबून, तुझ्या पेल्यात धार सोडायच्या. किती गोड बोलत! कुणी ओरडलं असतं तर भांडता आलं असतं. त्या गोडव्याशी भांडायचं कसं?

डोंगर लागल्यावर काय झालं ते तर मी मेले तरी विसरणार नाही. वळणावर वळण, खाली नदी, आणि आपली सगळी बस ओकायला लागली. तुलाच तेवढं काही झालं नाही. सावलीच्या बैलगाडीनं हाडं पक्की केली होती तुझी. तू लिंबू कापून एकेकाच्या नाकाशी धरलंस. ते चाललं. काकूंचं डोकं मांडीवर घेतलंस, त्यांची ओकारी पुसलीस, त्यांचं भरलेलं लुगडं ओल्या फडक्यानं साफ केलंस. "देवच भेटला गं तुझ्या रूपानं," असं त्या कण्हत म्हणाल्या. तासाभरानं बस थांबली, तू पेला घेऊन पिंपाकडे निघालीस, तर त्या तशा अवस्थेतही उठल्या! डोकं धरून, बाकांचा आधार घेत उठल्या. "थांब हं, मी देते."

ओकारी पुसायला तुझे हात चालले. पाण्याला नाही! मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं. तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस आणि नको म्हणून मान हलवलीस.

काठमांडूत बाजार पाहून तर सगळे वेडेच झाले. छत्र्या, टॉर्च, नायलॉनच्या साड्या. विलासनं रस्त्यावरच्या ढिगातून एक जुना कोट घेतला, परदेशी म्हणून. खिशात कुणाचा तरी चुरगाळलेला रुमाल निघाला, डाग पडलेला. त्यानं तो फेकला आणि कोट तिथेच अंगावर चढवला. तू हसून हसून खाली बसलीस. "कोनाचा हाये, मेला का जिता हाये, काई मालूम नाई. पन कोट चालते!" तुझं ते हसणं विलासला झोंबलं असणार, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी आपण दोघी टेकडीवरच्या स्वयंभू स्तुपाला गेलो. बाकीच्यांनी पायऱ्या पाहून कंटाळा केला. वर माकडांनी माझ्या हातातली संत्री पळवली आणि तू त्यांच्या मागे धावलीस, पदर खोचून! मग शांत झालीस. त्या स्तुपावरच्या डोळ्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिलीस. म्हणालीस, "मले वाटलं होतं, इथी आल्यावर तरी हे लोक बदलतीन. परदेश हाये म्हून."

उतरून धर्मशाळेत आलो तेव्हा उन्हानं घसा सुकला होता. काकू आत पडल्या होत्या. चौकात पिंप होतं. तू सरळ गेलीस, झाकण काढलंस, डोवा बुडवलास, पेला भरलास. किती साधी गोष्ट! तहान लागली, पाणी घेतलं.

"अरे, अरे, हे काय!" विलास पायरीवरून ओरडला, अंगात तो कोट. काकू बाहेर आल्या. त्यांनी तुझ्या हातातला पेला पाहिला, पिंप पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, "असू दे, असू दे. विलास, ते जरा रिकामं कर बाबा." विलासनं आणि आणखी एकानं पिंप दोन्ही कडांनी धरलं आणि सगळं पाणी नालीत ओतलं. तुझ्या डोळ्यांदेखत. गढूळ नालीत ते उकळलेलं पाणी कसं पसरलं ते मला अजून दिसतं.

आवाज ऐकून सर आले. "काय झालं?"

विलास म्हणाला, "सर, पाल पडली होती पाण्यात."

"हो ना, किळसवाणं मेलं!" काकू म्हणाल्या.

सरांनी तुझ्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, शकू. मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यांना लख्ख कळलं. आणि ते काय म्हणाले? "बरं झालं वेळेवर दिसली."

शिक्षणशास्त्र शिकवणारा माणूस! समतेवर तास घेणारा!

माझं तोंड उघडलं होतं, पण तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की नखं रुतली. "कोन्ती पाल, सर?" तू विचारलंस. "दाखवा ना मले."

"वाहून गेली असेल," विलास म्हणाला.

तू हातातला पेला तोंडाला लावलास. त्यांच्यासमोर, सावकाश, थेंब न ठेवता प्यायलीस. मग पिंप उचललंस, पदराची चुंबळ केलीस आणि गल्लीच्या टोकाला दगडाच्या तोंडातून पडणारी पाण्याची धार होती तिथे गेलीस. मी मागे धावले तर म्हणालीस, "तू नको बोलू मधात. तू बोलली तं ते तुयं मोठेपण होऊन जाईन. हे मायं हाये."

पाणी आणलंस, पातेल्यात उकळलंस, पिंपात ओतलंस आणि चौकात मधोमध ठेवलंस. "हे पानी म्या आनलं, म्या उकयलं. याच्यात पाल नाई. ज्याले प्याचं हाये त्यानं प्या, नसन प्याचं त्यानं तहानलेलं राहा. पन आता कोनी ओतलं तं म्या नालीत त्यालेच ढकलतो."

आणि पेला भरलास आणि पुन्हा प्यायलीस. मग मी प्यायले.

धर्मशाळेचा नळ कोरडा, स्टोव्हचं तेल संपत आलेलं, दुसरं पाणी उकळणार कसं? काकूंनी पुढचे दिवस संत्र्यांवर काढले. आपल्या नागपूरकडची बाई, संत्री खायला परदेशात आली! बाकीचे मात्र यायला लागले. एकेकटे, इकडेतिकडे बघत. विलाससुद्धा आला. "शकू, बाटली भरून दे ना." तू वर न बघता म्हणालीस, "तिथी डोवा हाये. तूच भर." त्यानं भरली. सरांनीही भरली, पाठ वळवून. तू कुणाला एक थेंबही पाजला नाहीस. कुणाची सेवाबिवा केली नाहीस!

आणि आज विलास म्हणतो, आपल्या हातानं पाजलं.

परत आल्यावर वर्गात 'पाल' हा विनोदच होऊन बसला. तुझ्यासमोर सांगायचे, आणि तू हसायचीस. का हसायचीस गं? मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो. विचारलं तर म्हणायचीस, "त्याइले मालूम हाये ना काय झालं ते. बस." मग तुला गडचिरोलीच्या आत, जंगलातल्या शाळेवर नेमणूक मिळाली आणि तू मला पत्रातून फक्त पोरांच्या गमती लिहीत राहिलीस. ताप आला तेव्हा तरी कळवायचं होतंस! नाल्याला पूर, रस्ता बंद, खाटेवर घालून तुला नेलं, तोवर मलेरिया डोक्यात गेला होता. मला कळलं ते तू गेल्यावर. याबद्दल मी तुला माफ करणार नाही.

तर आज मी उठले. तू बोलू नको म्हणाली होतीस, पण आता तू बोलणार नव्हतीस आणि ते बोलत होते. मी म्हणाले, "पाल पडली नव्हती."

सर म्हणाले, "कुंदा, खाली बस. दुःखाचा प्रसंग आहे."

मी बसले नाही. जे झालं ते सांगितलं. धड चार वाक्यंही नीट जुळली नसतील. विलास म्हणाला, "आता काऊन उकरून काढते? ती सोता कधी बोलली का?" मागून दोघीतिघी कुजबुजल्या, हिला कुठे काय बोलावं कळत नाही म्हणून. त्याच दोघीतिघी, ज्यांनी तुझं पाणी लपून भरून नेलं होतं.

आणि तुझे बाबा उभे राहिले. सावलीच्या बाजारात भेटेल त्याला "माई पोरगी परदेशात जाऊन आली" म्हणून सांगणारा माणूस. मी त्यांच्याकडून तेही हिसकावलं की काय?

त्यांनी विचारलं, "बाई, पानी सांडलं तवा माई पोरगी रडली का?"

"नाही बाबा."

"मंग काय केलं तिनं?"

मी सांगितलं. पेला, धार, चुंबळ, सगळं.

"त्याइच्या समोर पेली?"

"समोर."

त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. मग सरांकडे वळून म्हणाले, "साहेब, सेवेचं बक्षीस माया पोरीच्या नावानं नका ठेवू." पुढे गेले, फोटोवरचा हार काढून टेबलावर ठेवला, फोटो काखेत घेतला आणि चालू लागले. मी त्यांच्या मागे निघाले. कुणी अडवलं नाही. चहाच्या कपांचा आवाज मात्र दारापर्यंत येत होता.

स्टँडवर ते म्हणाले, "मले तिनं फकस्त बंदराइचं सांगतलं होतं. संत्री पयवली ते. लय हासली होती सांगताना." आणि मग पहिल्यांदा ते रडले.

गाडी लागली तेव्हा खिडकीतून म्हणाले, "येजा सावलीले. पयलेपासून सांगजा."

जाईन, शकू. येत्या रविवारीच जाईन. तू चिडायचीस, हट्टी होतीस, नालीत ढकलीन म्हणाली होतीस, हे सगळं त्यांना सांगेन. ओकारीचं सांगेन, गोड बोलणाऱ्या काकूंचं सांगेन, सरांच्या चेहऱ्याचं सांगेन. तुला वाईट वाटलं होतं तेही सांगेन. वचन देते, त्यातला एक शब्दसुद्धा गोड करणार नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
कुंदा