खाचेतले पाच व्होल्ट

२२ ऑक्टोबर १९९९, शुक्रवार

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: बॅटरी एलिमिनेटर — एकशे बारा. स्टॅबिलायझर — चाळीस, एकही परत आलेला नाही. कॉइल गुंडाळायचं यंत्र, सायकलच्या चाकावर. मीटरची बारीक काडी, टोकाला ग्रामोफोनची सुई सोल्डर करून. सातवी पास माणसाने, रद्दीतली पुस्तकं वाचून!

आणि तरी आप्पासाहेबांना माझा नागापूरचा गाळा एसटीडी बूथसाठी विकत हवा. "जालिंदर, रेडिओ आता कोण दुरुस्त करतं? दिवाळी पाडव्याला सांग."

बायकोचं, जयमालाचं म्हणणं — देऊन टाका. मी म्हणालो, कॉम्प्युटर शिकेन. ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

२३ ऑक्टोबर

शेजारच्या वर्कशॉपचे गहिनीनाथ लॅपटॉप घेऊन आले. मेहुण्याने अमेरिकेहून आणलेला, सोबत कॅमेरा. कॅमेऱ्याची वायर यूएसबीच्या खाचेत घातली की फोटो आत उतरायचे. आता लॅपटॉप कॅमेऱ्याला ओळखच देत नाही! पुढच्या शनिवारपर्यंत नव्या शाफ्टचे फोटो परदेशी गिऱ्हाइकाला गेले नाहीत, तर ऑर्डर गेली.

"पुन्याचा इंजिनिअर फोनवरच म्हनला, बोर्ड गेलाय. तुमी बघा तरी."

बघतो म्हणालो. हे जमलं तर गाळा ठेवायचा. नाही जमलं तर चावी आप्पासाहेबांना. इथे लिहिलं, म्हणजे ठरलं.

२५ ऑक्टोबर

कॅमेरा आणि वायर कॉलेजच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. चालतात. म्हणजे दोष लॅपटॉपचा. विंडोज ९८ मध्ये यूएसबीच्या नावापुढे दोषाची पिवळी खूण नाही. चालू होतानाच्या सेटिंगमध्ये यूएसबी बंद केलेलं नाही — तीनदा पाहिलं. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला.

काही नाही.

२६ ऑक्टोबर

खाचेत चार पट्ट्या. कडेच्या दोन पट्ट्यांत पाच व्होल्ट यायला हवेत. सुईच्या काडीने मोजले — शून्य. पुण्याचा माणूस खरा.

जेवताना जयमालाने एक भाकरी जास्त वाढली.

२७ ऑक्टोबर

काडीचं टोक लाल! काल पुसून ठेवायची राहिली, वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणून तर दिसलं. गंज म्हणावा तर बोटाला तेलकट. वास घेतला — कुंकू! म्हणजे कालचं शून्य पट्ट्यांवरच्या या थराचं, बोर्डाचं नाही.

तसाच वर्कशॉपवर. गहिनीनाथांच्या आई, चांगुणाआजी, दारात लसूण सोलत बसलेल्या. विचारलं, "आजी, दसऱ्याला या लॅपटॉपची पूजा केली होती का?"

"व्हय की. लेथची केली, ड्रिलची केली. ह्यानंच काय पाप केलंय? समद्या भोकांना बोट लावलं. तेलात कालवलं हुतं, म्हंजी झडत न्हाई."

आम्ही दसऱ्याला विहारात जातो, हत्यारांना हळदकुंकू लावत नाही. माझ्या डोक्यात कसं यावं!

आजींचे हात थांबले. "का रं? माज्यामुळं बिगाडलं? पोराला सांगू नको बाबा."

२८ ऑक्टोबर

स्पिरिट. भिंग. टूथब्रशचे केस कापून केलेला कुंचला. एकेक पट्टी पुसली, वाळू दिली, मोजलं — ५.०२! वायर घातली. पडद्यावर चौकट आली: नवं हार्डवेअर सापडलं. मी उभाच राहिलो.

"दोष काय निघाला?" गहिनीनाथांनी विचारलं. मागे आजी, तोंडाला पदर.

"खाचेत कचरा," म्हणालो. प्रत्येक दुरुस्तीचा दोष मी नेमका सांगतो. ही पहिली लबाडी.

३० ऑक्टोबर, शनिवार

फोटो गेले. पोचल्याचं उत्तरही आलं!

पाडवा

आप्पासाहेब सकाळीच दुकानात, काखेत कापडी पिशवी. मी तोंड उघडायच्या आत जयमाला म्हणाली, "न्हाई जमायचं, भाऊ. ह्यांच्याकडं कॉम्प्युटरची लई कामं हायेत."

टेबलावर तेव्हा एकच रेडिओ होता.

पिशवीत गाळ्याचे एक लाख चाळीस हजार. रोख. मीही नाही म्हणालो.